वीज गेली की पुसली जाणारी डिस्क

आजचा विषय रॅम ड्राइव्ह. रॅमचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं, ही डिस्क समज. तो बिचारा समजतो. फाइली ठेवता येतात, कॉपी करता येतात. वीज गेली की सगळं साफ.

मग एवढी बेभरवशाची वस्तू लोकांनी घरी वापरली तरी का? वेगासाठी, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे.

1985 साली ब्रिटनमध्ये अ‍ॅमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू 8256 आला. लेखनासाठी बनवलेला घरगुती कॉम्प्युटर, सोबत प्रिंटर. मेमरी 256 केबी, फ्लॉपी ड्राइव्ह एकच, हार्ड डिस्क नाही. सीपीएम सुरू केली की स्क्रीनवर यायचं: 112 केबीची 'एम' ड्राइव्ह. हीच ती रॅम. आता बघा, ड्राइव्ह एकच आहे आणि एका फ्लॉपीवरची फाइल दुसरीवर न्यायची आहे. मध्ये ठेवणार कुठे? 'एम'वर. प्रोग्रामही आधी तिथे कॉपी करायचे, मग फ्लॉपी बदलून आपलं काम करायचं. इथे रॅम ड्राइव्ह म्हणजे मशीनचा दुसरा हात होता. अर्थात, दुपारभर टाइप केलेलं 'एम'वरच ठेवून बटण बंद केलं, तर ते गेलंच.

पीसीवर कारण वेगळं. पीसी डॉस 3.0 सोबत 1984 मध्ये व्हीडिस्क आली, पुढे मायक्रोसॉफ्टची रॅमड्राइव्ह. 360 केबीची फ्लॉपी मिनिटाला 300 फेरे घ्यायची, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग. हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत प्रोसेसर नुसता बसून. कम्पायलरच्या मधल्या फाइली रॅमवर वळवल्या की हा ताटकळा संपायचा. मूळ कोड मात्र डिस्कवरच, हे शहाणपण.

आपल्याकडे असेंबल्ड पीसीवर ज्यांनी विंडोज 98 घातलंय, त्यांनीही रॅम ड्राइव्ह वापरलीय, बहुतेकांनी नकळत. स्टार्टअप फ्लॉपी 2 एमबीची रॅम ड्राइव्ह तयार करायची आणि फ्लॉपीवर दाबून बसवलेली टूल्स तिच्यात उलगडायची. म्हणून तर सीडी ड्राइव्हचं अक्षर एकाने पुढे सरकायचं आणि लोक 'डी'वर सेटअप शोधत बसायचे!

वेगाचं काम पुढे कॅशने काढून घेतलं. ऑपरेटिंग सिस्टिम नुकत्याच वाचलेल्या फाइली आपणहून रॅममध्ये धरून ठेवते. त्यामुळे गेम झटपट उघडावा म्हणून आज रॅम ड्राइव्ह करणं मला फारसं पटत नाही. उरलं ते फेकून द्यायच्या फाइलींचं काम: झिप उलगडून बघणं, बिल्डच्या मधल्या फाइली. लिनक्सवर टीएमपीएफएस यासाठीच आहे. ते मर्यादेपर्यंत लागेल तेवढीच रॅम घेतं. मर्यादा सांगितली नाही तर ती निम्म्या रॅमची.

एक खाच मात्र ध्यानात ठेवा. मेमरी कमी पडली तर टीएमपीएफएसमधला मजकूर स्वॅपवर, म्हणजे खऱ्या डिस्कवर जाऊ शकतो. पासवर्डची फाइल तिथे उघडणार असाल, तर आधी स्वॅप बंद करा किंवा एन्क्रिप्ट करा.