बिगिनरचे प्रश्न: टेक कम्युनिटीत त्यांचं स्वागत का करायचं आणि उत्तर कसं द्यायचं?

प्रोग्रामिंग किंवा लिनक्स शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच आपण कुठेतरी अडकतो आणि एखाद्या ग्रुपवर प्रश्न टाकतो. मग येतं एक तर खरं उत्तर, नाहीतर "आधी गुगल करून ये". या दुसऱ्या प्रकाराचं जुनं नाव आहे आरटीएफएम. आर म्हणजे रीड, शेवटचा एम म्हणजे मॅन्युअल. मधल्या एफचा अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही.

हा वैताग आला कुठून?

वेबच्या आधीपासून युजनेट नावाचं चर्चेचं जाळं होतं. अमेरिकेत दर सप्टेंबरला कॉलेजं सुरू झाली की नवे विद्यार्थी तिथे यायचे, तेच ते प्रश्न विचारायचे आणि काही आठवड्यांत रुळायचे. १९९३-९४ च्या सुमारास एओएलसारख्या कंपन्यांनी घरगुती ग्राहकांनाही युजनेट उघडून दिलं आणि नव्या लोकांचा ओघ थांबेचना. जुनी मंडळी म्हणायला लागली, १९९३ चा सप्टेंबर संपलेलाच नाही. 'इटर्नल सप्टेंबर' हा शब्द तिथून आला. आज प्रत्येक साइटवर दिसणारं 'एफएक्यू' हे पानसुद्धा अशाच वारंवार येणाऱ्या प्रश्नांमुळे युजनेटवर रुजलं.

तोच प्रश्न शंभराव्यांदा वाचून डोकं फिरतं, हे मला मान्य आहे. उत्तर देणारे फुकट वेळ देत असतात. पण विचारणारा तो पहिल्यांदाच विचारत असतो.

स्टॅक ओव्हरफ्लोचं उदाहरण

जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये ही साइट सुरू केली. उद्देश गप्पांचा नव्हता, कायम टिकणारा प्रश्नोत्तरांचा साठा करायचा होता. म्हणून नियम कडक. एकच प्रश्न दोनदा नको, 'हाय-थँक्स' नको. इतकी वर्षं दुसऱ्याच्या पोस्टवर साधी कमेंट करायलाही ५० गुण लागायचे. म्हणजे नवा माणूस "तुमची दुसरी ओळ समजली नाही" एवढंही विचारू शकत नव्हता. मग तो ते उत्तराच्या चौकटीत लिहायचा आणि डाउनव्होट खायचा. आता यात उद्धट कोण? माझ्या मते माणसांपेक्षा रचनेचा दोष जास्त. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर लिहिलं की आमच्याकडे नव्यांना फारसं स्वागतार्ह वाटत नाही. त्याच वर्षी नवी आचारसंहिता आली आणि नवख्यांच्या प्रश्नाखाली 'नवीन सदस्य' अशी खूण दिसू लागली.

गंमत बघा, याच साइटवर २०१२ मध्ये कुणीतरी विचारलं होतं, विम एडिटरमधून बाहेर कसं पडायचं? अगदी बाळबोध प्रश्न. २०१७ पर्यंत तो दहा लाखांपेक्षा जास्त वेळा बघितला गेला होता. (एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. न सेव्ह केलेलं मात्र जाईल.) तो प्रश्न कुणी हसून उडवला असता, तर मागून आलेले सगळे तिथेच अडकले असते.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे

मराठीत 'शंका आहे' म्हणजे प्रश्न आहे. आपण त्याचं सरळ 'आय हॅव अ डाउट' करतो. अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या माणसाला ते 'मला तुमच्या बोलण्यावर संशय आहे' असं ऐकू येतं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या आहेत, मराठी नाही. म्हणून तुटक इंग्रजीतला प्रश्न दिसला की मी आधी तो मनात मराठीत वाचतो. बऱ्याचदा प्रश्न स्पष्ट असतो, वाक्य तेवढं वाकडं असतं.

दुसरी गोष्ट फोन. अनेकांकडे लॅपटॉप फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये, घरी मोबाइल. माझ्या एका टेलिग्राम ग्रुपवर डिप्लोमाच्या एका मुलाने स्क्रीनचा तिरका फोटो टाकला, खाली लिहिलं "एरर येतोय". तिघांनी हसण्याचे इमोजी टाकले. दहा मिनिटांत मेसेज डिलीट, मुलगा ग्रुपबाहेर. फोटो झूम केला होता म्हणून मला चूक दिसली होती. अवतरणचिन्हं सरळ नव्हती, वळणदार होती. काही कीबोर्ड आणि वर्ड आपोआप तशी चिन्हं टाकतात, आणि पायथनला ती चालत नाहीत. एका ओळीचं उत्तर होतं. ते द्यायला तो तिथे राहिलाच नाही.

मग उत्तर कसं द्यायचं?

पहिलं वाक्य उपयोगाचं हवं. 'गुगल कर' म्हणण्याऐवजी कोणते शब्द टाकून शोधायचं ते सांगा. नवख्याला नेमके तेच शब्द माहीत नसतात, म्हणून तर तो विचारतो. लिंक देताना तिच्यातला कोणता भाग वाचायचा तेही लिहा.

उत्तराआधी एक प्रश्न जरूर विचारा: "नक्की करायचंय काय?" कुणी विचारतं, फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढू? त्याला खरं तर एक्स्टेन्शन हवं असतं, आणि ते तीनच अक्षरांचं असेल असं नाही. याला 'एक्सवाय प्रॉब्लेम' म्हणतात.

'सिम्पल आहे', 'फक्त एवढंच कर' हे शब्द मी टाळतो. ज्याला जमत नाहीये त्याला ते टोचतात.

काही जण म्हणतील, आता चॅटजीपीटी आहे की! ते चिडत नाही हे खरं. २०२२ च्या अखेरीस ते आल्यापासून स्टॅक ओव्हरफ्लोवरचे नवे प्रश्न झपाट्याने घटले. पण तुमच्या चॅटमधलं उत्तर पुढच्या अडकलेल्या माणसाला सर्चमध्ये सापडत नाही. आणि ते चुकलं, तर खाली येऊन "हे नव्या व्हर्जनमध्ये चालत नाही" असं सांगणारंही कुणी नसतं.

तुम्हीच बिगिनर असाल तर

काय करायचंय, काय केलं आणि एरर काय आला, एवढं लिहा. एरर फोटोत नको, टेक्स्टमध्ये द्या. व्हॉट्सॲपवर कोडच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक टाका, म्हणजे त्यातल्या स्टार आणि अंडरस्कोअरचं बोल्ड-इटॅलिक होणार नाही. प्रश्न 'डुप्लिकेट' म्हणून बंद झाला तर आधी दिलेली लिंक उघडा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. नसेल तर तुमचा प्रश्न वेगळा कसा आहे ते त्याच प्रश्नात एडिट करून लिहा. तो पुन्हा उघडता येतो.