रूमी टोपी आधी फौजेची होती

आमच्या घरी आजोबांचा निजामाच्या काळातला फोटो आहे. डोक्यावर गोंड्याची लाल रूमी टोपी. परवा घरी आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ही इस्लामी टोपी ना?" मी चटकन 'हो' म्हणू शकलो नाही.

उर्दूत 'रूम' म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. तिथे १८२६ साली सुलतान दुसरा महमूद याने बंडखोर जानिसारी फौज मोडून नवी फौज उभी केली. तिला नवा गणवेश हवा होता. पण डोक्यावर काय घालायचे? युरोपीय हॅटची कड सजद्यात आड येते, कपाळ जमिनीला टेकत नाही. शिवाय हॅट ही ख्रिस्त्यांची खूण मानली जाई. त्याच सुमारास आरमारप्रमुख खुसरो पाशाने आपल्या सैनिकांना ट्युनिसची बिनकडेची 'फेज' घातली. सुलतानाला ती आवडली आणि ती साऱ्या फौजेची झाली. १८२९ मध्ये ती सरकारी नोकरांनाही सक्तीची झाली. दस्तार उरली उलेमांपुरती. पूर्वी पगडीवरून धर्म आणि दर्जा कळे. आता मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी कारकून सारखेच दिसू लागले. हे अनेकांना रुचले नाही. कित्येक कष्टकरी फेजभोवती कापड गुंडाळतच राहिले.

पुढे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बोस्नियन पलटणींनीही फेज घातली. त्यांत ख्रिस्ती शिपाईही होते. तुर्कांच्या बाजारात तर ऑस्ट्रियन कारखान्यांच्या फेज विकल्या जात. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला, तेव्हा तुर्कांनी त्याच फेजवर बहिष्कार घातला.

मग १९२५ साल उजाडले. मुस्तफा कमाल यांच्या सरकारने कायदा करून फेज बंद केली, हॅट आणली. विरोध करणाऱ्या काहींना फाशी झाली. हॅटविरुद्ध पुस्तिका लिहिणारे आतिफ होजा १९२६ मध्ये फासावर गेले. त्यांची पुस्तिका तर कायद्याच्या आधीची होती. शंभर वर्षांपूर्वी हुकमाने डोक्यावर आलेली टोपी आता दीनची निशाणी बनली होती, आणि तीही हुकमानेच उतरवली गेली.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बेटा, ही आजोबांच्या जमान्याची टोपी आहे. सजद्याला सोयीची म्हणून ती मुसलमानांनी आपलीशी केली. पण टोपी पाहून कुणाचे ईमान मोजू नकोस. आणि टोपीवरून तुला कुणी मोजू लागला, तर त्याला हा इतिहास सांग."