दोन देशांचें एक नांव

बाळाचें नांव ठेवणें ही घरगुती आनंदाची गोष्ट खरी. पण आईबाप दोन दूरच्या देशांचे असले, म्हणजे तीच गोष्ट इतिहासाच्या दाराशीं जाऊन उभी राहते. जपान व डेन्मार्क यांचा मैत्रीचा तह १८६७ सालीं झाला, आणि परदेशीयांशीं विवाह करण्यास जपान सरकारनें १८७३ सालीं परवानगी दिली. अशा घरांतील पाळण्यापुढें प्रश्न एकच असतो: दोन्हीकडच्या आज्यांना सहज हांक मारतां येईल असें नांव कोणतें?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. डेन्मार्कमध्यें नांव हें कानाचें, तर जपानांत तें डोळ्यांचेंहि असतें. डेन्मार्कमध्यें मूल सहा महिन्यांचें होण्यापूर्वीं त्याचें नांव ठेवावें लागतें. तें सरकारमान्य यादींत असावें, नसल्यास निराळी परवानगी मागावी. जपानांत जन्माची नोंद चौदा दिवसांत करावयाची असते, आणि १९४८ पासून नांवासाठीं वापरावयाच्या चित्राक्षरांवर मर्यादा आहे. डॅनिश अधिकारी जणूं विचारतो, “असें नांव आहे काय?” जपानी अधिकारी विचारतो, “हें अक्षर चालतें काय?” त्यांत जपानी भाषेला ‘ल’ नाहीं, डेन्मार्कचा लार्स तेथें गेला कीं त्याचा ‘रासु’ होतो.

या कोड्याचें सुंदर उत्तर एका जपानी लेखकानें फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. मोरी ओगाई हे लष्करी डॉक्टर. १८८४ ते १८८८ हीं वर्षें त्यांनीं जर्मनींत शिक्षणांत घालविलीं. हान्स अँडरसन या डॅनिश लेखकाची एक कादंबरी त्यांनीं जर्मनवरून जपानींत आणली. ती १९०२ सालीं पुस्तकरूपानें निघाली. ओगाई यांचें खरें नांव रिंतारो. तें जर्मनांच्या जिभेवर बसेना, असें सांगतात. म्हणून आपल्या मुलांना त्यांनीं युरोपांतहि चालतील अशीं नांवें दिलीं: ओत्तो, मारी, फुरित्सु, आन्नु आणि रुई. युरोपीय कानाला तीं ओटो, मारी, फ्रिट्झ, आन आणि लुई अशीं ऐकूं येत.

पण केवळ उच्चार उसना घेऊन ते थांबले नाहींत. ओत्तोचा जन्म १८९० चा, म्हणजे व्याघ्रवर्षांतला. त्याच्या नांवाचीं अक्षरें प्राचीन चिनी ग्रंथांतील वाघाचा एक शब्द आहेत. मारीचीं अक्षरें मोगऱ्याच्या जातीच्या फुलाचीं. फुरित्सु म्हणजे जुन्या चिनींत लिहिण्याची कुंचली. तें बाळ मात्र १९०८ सालीं तान्हेपणींच गेलें. पुढें मारी आणि आन्नु या दोघीहि लेखिका झाल्या. एका किनाऱ्यावर ओळखीचा ध्वनि आणि दुसऱ्यावर स्वतंत्र अर्थ, अशी ही रचना आहे.

डेन्मार्कसाठींहि असा सेतु सांपडतो. कारेन हें कॅथरिना नांवाचें जुनें डॅनिश रूप. लेखिका कारेन ब्लिक्सेन (१८८५–१९६२) यांच्यामुळें तें जगाला ठाऊक झालें. जपानींत ‘कारेन’ म्हणजे नाजुक, मोहक; हेंच नांव फूल आणि कमळ या दोन अक्षरांनींहि लिहितां येतें. मुलासाठीं ‘काय’ आहे. मराठी कानाला हा प्रश्नच वाटेल! अँडरसनच्या १८४४ सालच्या ‘हिमराणी’ या कथेंतील मुलाचें नांव हेंच. जपानींत ‘काई’ हें समुद्राच्या अक्षराचें एक वाचन. आणि दोन्ही देश तर समुद्राच्याच कुशींत वाढलेले.

या निवडीला इतकें महत्त्व कां? डेन्मार्कनें २०१५ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलें आहे. जपानचा कायदा मात्र जन्मतः दोन नागरिकत्वें असलेल्या मुलाला विसाव्या वर्षापर्यंत एकाची निवड करावयास सांगतो. तो दिवस येईल तेव्हां दोन दाखल्यांतून एक दाखला निवडावा लागेल. पण आईबापांनीं विचारपूर्वक ठेविलेलें नांव असेल, तर नांवाची निवड करण्याचा प्रसंग त्याच्यावर येणार नाहीं. कोपनहेगनच्या आजीनें हांक मारो कीं तोक्योच्या, मूल त्याच एका हांकेला वळून पाहील.