बोर्जिया पोप, त्याचे प्रेक्षक आणि रोमच्या कैदेतला शहजादा

एप्रिल २०११ मध्ये ‘शोटाइम’ या अमेरिकन वाहिनीवर ‘द बोर्जियाज’ ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक नील जॉर्डन यांनी ती रचली होती आणि पोप अलेक्झांडर सहावा याच्या भूमिकेत जेरेमी आयर्न्स होते. जाहिरातीत या घराण्याला जगातलं पहिलं गुन्हेगार कुटुंब म्हटलेलं होतं. त्याच वर्षी युरोपात टॉम फोंटाना यांची ‘बोर्जिया’ ही दुसरी मालिका आली. तिच्यातही तोच पोप, तीच मुलं आणि तोच काळ होता. एका पोपवर एकाच वर्षात दोन मालिका निघाल्या आणि प्रेक्षकांत तट पडले.

एक गट म्हणत होता, हा कॅथलिक धर्माचा अपमान आहे. दोन हजार वर्षांच्या परंपरेतून नेमका हाच पोप का निवडला? दुसरा गट म्हणे, यात खोटं काय आहे? त्याला मुलं होती, रखेली होत्या, त्याने पदं विकली. तिसरा गट इतिहासाच्या जाणकारांचा. त्यांची तक्रार वेगळीच होती. खरा रॉड्रिगो बोर्जिया जाडजूड होता आणि आयर्न्स पडले सडपातळ. थोरला सिझार धाकट्या भावाला मारतो असं मालिकेत ठामपणे दाखवलं, पण जून १४९७ मध्ये हुआन बोर्जियाला कुणी मारलं हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. आणि चौथा गट सर्वांत मोठा. त्याला पोशाख, संगीत, कटकारस्थानं हवी होती आणि ती भरपूर मिळत होती. २०१३ मध्ये तीन हंगामांनंतर मालिका बंद पडली तेव्हा या मंडळींनी इतकी हळहळ व्यक्त केली की जॉर्डन यांना उरलेली कथा पुस्तकरूपात द्यावी लागली.

आपल्याकडच्या काही मुस्लिम मित्रांनी ही मालिका वेगळ्याच आनंदाने पाहिली, हेही सांगायला हवं. ‘बघा, यांचे धर्मगुरू कसे होते!’ हा तो आनंद. मला त्यात गंमत वाटत नाही. त्याच २०११ च्या जानेवारीत तुर्कस्तानात सुलतान सुलेमान आणि हुर्रम यांच्यावरची ‘मुह्तेशेम युझयिल’ ही मालिका सुरू झाली होती. खलिफाला मद्य पिताना, जनानखान्यात रमताना दाखवलं म्हणून तिच्याविरुद्ध हजारो तक्रारी गेल्या. पुढच्या वर्षी पंतप्रधान एर्दोआन यांनीच सुनावलं की आमच्या पूर्वजाचं आयुष्य महालात नव्हे, घोड्याच्या पाठीवर गेलं. तरीही ती मालिका तुर्कस्तानात आणि अरब देशांत तुफान चालली. म्हणजे दुसऱ्याचा पोप पाहताना इतिहास आणि आपला सुलतान पाहताना बदनामी, असा हा मामला आहे. कॅथलिक प्रेक्षकाला जे दुखलं, ते आपल्याला कळायला अवघड नाही.

आता बोर्जियांच्या किश्शांचं पाहू. मालिकेत सिझार आणि ल्युक्रेझिया या भावाबहिणीचे संबंध दाखवले, त्यावर सर्वाधिक वाद झाला. घरातल्याच अनैतिकतेची ही कुजबुज पसरली ती ल्युक्रेझियाच्या पहिल्या नवऱ्याकडून. १४९७ मध्ये बोर्जियांनी राजकीय सोयीसाठी हे लग्न रद्द ठरवलं आणि त्यासाठी जिओव्हान्नी स्फोर्झाला नपुंसक जाहीर केलं. अपमानाने पेटलेल्या माणसाने उलट आरोप केला की पोपला स्वतःची मुलगी स्वतःसाठीच हवी आहे. त्या आरोपाला पुरावा नाही. पुढे ल्युक्रेझिया फेर्राराची डचेस झाली, तिथे तिने कारभार पाहिला, आणि १५१९ मध्ये बाळंतपणानंतर वारली तेव्हा शहर हळहळलं. पण १८३३ मध्ये व्हिक्टर ह्यूगोने नाटक लिहिलं, त्यावर डोनिझेत्तीने ऑपेरा रचला आणि ती कायमची विषकन्या झाली.

अलेक्झांडरनंतर काही दिवसांच्या पोपचा अपवाद सोडला, तर गादीवर आला तो त्याचा हाडवैरी ज्युलियस दुसरा. बोर्जियांबद्दल जे वाईट लिहिलं गेलं, त्यातलं बरंच या नव्या मर्जीच्या सावलीत लिहिलं गेलं. ही गोष्ट ओळखीची वाटते ना? पराभूत घराण्याचा इतिहास जिंकणाऱ्याचा कारकून लिहितो, मग कादंबरीकार त्यात रंग भरतो आणि शेवटी पडद्यावर तोच ‘सत्य’ होतो. आपल्याकडच्या ऐतिहासिक सिनेमातले सुलतान मांस फाडताना का दिसतात, हे वेगळं सांगायला नको.

याचा अर्थ हा पोप साधुपुरुष होता असा मुळीच नाही. वानोत्झा कात्तानेईपासून झालेली चार मुलं त्याने उघडपणे वाढवली, सिझारला कोवळ्या वयात कार्डिनल केलं. स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना त्याने रोममध्ये राहू दिलं, हीही त्याच माणसाची नोंद आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. प्रेक्षक ज्यावरून भांडले ते त्याचं शयनगृह होतं आणि तिथला पुरावा सर्वांत कच्चा. ज्याचा पुरावा सही-शिक्क्यानिशी उपलब्ध आहे, त्यावर कुणी फारसं भांडलं नाही.

४ मे १४९३ रोजी अलेक्झांडरने ‘इंतेर चेतेरा’ हा फर्मान काढला. अझोर्स आणि केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला शंभर लीगवर त्याने एक रेघ कल्पिली आणि तिच्यापलीकडचं जग स्पेनला देऊन टाकलं. पुढच्या वर्षी स्पेन आणि पोर्तुगालने तोर्देसियासच्या तहात ही रेघ ३७० लीगवर सरकवली. पूर्वेचा समुद्र पोर्तुगालच्या वाट्याला आला. त्याआधीच, १४५६ मध्ये, पोप कॅलिक्स्टस तिसरा याने पोर्तुगालच्या ‘इंडिज’पर्यंतच्या हक्कांवर शिक्का मारला होता. हा कॅलिक्स्टस म्हणजे रॉड्रिगोचा सख्खा मामा, पहिला बोर्जिया पोप. त्याच वर्षी त्याने भाच्याला कार्डिनल केलं.

ज्यांच्या नावावर ही वाटणी झाली त्यांना ती कळली ती तोफांच्या आवाजातून. १५०२ मध्ये, अलेक्झांडर पोप असतानाच, वास्को द गामाने मलबारच्या समुद्रात मक्केहून परतणारं हाजींचं जहाज बायका-मुलांसह जाळलं. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस व्हाइसरॉय आल्मेदाचं आरमार आपल्या दाभोळवर उतरलं. आदिलशाहीचं हे भरभराटीचं बंदर, दख्खनच्या हाजींची वाट तिथून जायची. आल्मेदाचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत पडला होता. त्याच्या सुडापायी दाभोळमध्ये कत्तल करून शहर जाळलं गेलं. पुढे हाजींच्या जहाजांनाही पोर्तुगीजांचा परवाना, ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. अकबराच्या काळात उलेमांमध्ये वाद झाला की असा परवाना घेऊन हज करावा की अशा परिस्थितीत हजचं फर्जच उरत नाही. या सगळ्या परंपरेपासून व्हॅटिकनने अधिकृतपणे फारकत घेतली ती ३० मार्च २०२३ रोजी.

मालिकेच्या तिसऱ्या भागाचं नाव आहे ‘द मूर’. हा मूर म्हणजे शहजादा जेम, इस्तंबुल जिंकणाऱ्या सुलतान मेहमद फातेहचा मुलगा. तुर्क माणसाला मूर म्हणणं ही त्या काळची युरोपीय सवय. पोर्तुगीज कागदांत कोकणातला मुसलमानही ‘मूर’च आहे. मालिकेत जेम हा हसतमुख पाहुणा आहे आणि ल्युक्रेझियाच्या हुंड्याला पैसे हवेत म्हणून व्हॅटिकनमध्ये त्याचा जीव घेतला जातो. पाहणाऱ्याला वाटतं, झालं, संपलं.

खरी हकिकत यापेक्षा लांब आणि जास्त लाजिरवाणी आहे, दोन्ही बाजूंना. १४८१ मध्ये मेहमद वारला. बायझिद आणि जेम या भावांत तख्तासाठी लढाई झाली. हरलेला जेम कैरोला गेला, तिथून त्याने हज केला. उस्मानी घराण्यातल्या पुरुषांत हज करणारा तो जवळजवळ एकटाच मानला जातो. १४८२ मध्ये तो ऱ्होड्सच्या ख्रिस्ती सरदारांकडे मदतीसाठी गेला आणि पाहुण्याचा कैदी झाला. बायझिदने भावाला सोडवायला नव्हे, तर अडकवून ठेवायला दरसाल सुमारे ४०,००० डुकाट मोजले. सरदारांनी त्याला फ्रान्समध्ये फिरवलं आणि १४८९ मध्ये रोमला धाडलं. तिथे पोप इनोसंट आठवा याच्यापुढे झुकायला जेमने नकार दिला. धर्म बदलायलाही दिला. तुर्की आणि फारसीत तो शायरी करत राहिला. इनोसंटनंतर ही ‘ठेव’ अलेक्झांडरकडे आली, वार्षिक रकमेसह. ख्रिस्ती धर्माचा प्रमुख आणि मुसलमानांचा सर्वांत बलाढ्य सुलतान, दोघंही एका माणसाच्या कैदेत भागीदार होते.

जानेवारी १४९५ मध्ये फ्रान्सचा राजा चार्ल्स आठवा रोममध्ये सैन्यासह बसला होता. तुर्कांविरुद्धच्या मोहिमेसाठी त्याने जेमला पोपकडून मागून घेतलं. २५ फेब्रुवारीला नेपल्समध्ये जेम वारला, वय छत्तीसच्या आत. पोपने सावकाश भिनणारं विष देऊन पाठवलं अशी बोलवा तेव्हापासून आहे, आजाराने गेला असं मानणारेही पुष्कळ आहेत. त्याच्या मृतदेहासाठी पुन्हा चार वर्षं घासाघीस चालली. १४९९ मध्ये तो बुर्सा शहरातल्या मुरादियेमध्ये दफन झाला.

जेमचा लहान मुलगा ओगुझ इस्तंबुलात मागे राहिला होता, त्याला बायझिदने आधीच मारवलं होतं. दुसरा मुलगा मुराद ऱ्होड्सला ख्रिस्ती होऊन राहिला. १५२२ च्या डिसेंबरात तुर्कांनी ऱ्होड्स जिंकलं. सरदारांना सन्मानाने जहाजात बसून जाऊ दिलं, मुरादला मात्र शोधून ठार केलं गेलं. हुकूम सुलतान सुलेमानचा होता, त्या दुसऱ्या मालिकेतल्या.