डेड स्टॉक

आमच्या बँकेत 'डेड स्टॉक रजिस्टर' नावाचे एक जाडजूड पुस्तक असते. नावाला भिऊ नका. त्यात मेलेल्यांची नव्हे, टेबल-खुर्च्यांची नोंद असते. दरवर्षी आम्ही खुर्च्या मोजतो आणि दरवर्षी एक कमी भरते.

म्हणूनच ब्रुकलिन पुलाची हकीकत वाचून मी थक्क झालो. मार्च २००६ मध्ये न्यूयॉर्क महापालिकेच्या माणसांना तपासणी करताना पुलाच्या दगडी पायात एक विसरलेली कोठीच सापडली. पाण्याची पिंपे, औषधे, कागदी ब्लँकेटे आणि अंदाजे साडेतीन लाख बिस्किटे! काही खोक्यांवर शिक्का १९५७ चा, काहींवर १९६२ चा. पहिल्या साली रशियाचा स्पुटनिक उडाला, दुसऱ्या साली क्यूबात क्षेपणास्त्रे निघाली. म्हणजे सरकारच्या पोटात गोळा केव्हा केव्हा आला, त्याची ही तारीखवार नोंद!

अणुबॉम्ब पडलाच तर किरणोत्सारी धुळीपासून लपायचे कुठे? १९६१ पासून केनेडींच्या सरकारने त्यासाठी देशभर तळघरे हेरली आणि काळ्या-पिवळ्या पाट्या ठोकल्या. शिधा दोन आठवड्यांचा, माणशी दहा हजार कॅलरी. भागाकार करा, दिवसाला जेमतेम सातशे येतात. आमच्याकडे चतुर्थीच्या उपासाला तेवढ्या पहिल्याच ताटलीत संपतात. शिवाय पिंपातले पाणी संपले, की त्याच पिंपाचा संडास करायचा. एवढी काटकसर आमच्या हेड ऑफिसलाही अजून सुचलेली नाही!

हल्ली तिकडचे हौशी लोक अशी तळघरे धुंडाळून ती पिंपे, बिस्किटांचे डबे, किरणोत्सार मोजायची पिवळी यंत्रे जमवतात. बिस्किटे खवट झालेली, तरी गिऱ्हाईक आहे. बी.कॉम.ला शिकलेला घसारा इथे उलटा चालतो.

या वेडावर मी पोटभर हसलो. मग दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काळ्या कागदाचे एक भेंडोळे खाली आले. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउट असे, तेव्हा खिडक्यांना लावायला वडिलांनी आणलेले. लढाई संपली, पण उरलेला कागद त्यांनी जपून ठेवला. पुन्हा लागला तर?

"अहो, हे रद्दीत घालू ना?" बायकोने विचारले.

"राहू दे."

जो माल पडून राहिला म्हणून देवापुढे साखर ठेवावी, असा माल कॉमर्सच्या पुस्तकात नाही. त्या साडेतीन लाख बिस्किटांवर कोणाला दिवस काढावे लागले नाहीत, म्हणून तर ती जमवायला आज माणसे शिल्लक आहेत.

भेंडोळे मी पुन्हा माळ्यावर सारले. डेड स्टॉक आहे. डेड स्टॉकच राहो!