कोलंबियाच्या घळीतला वारा आणि पाण्याखालचा धबधबा

जून उजाडला की पोर्टलँडच्या प्रत्येक मराठी घरात एक प्रश्न हमखास येतो. भारतातून आई-बाबा आलेत, शनिवारी त्यांना कुठे न्यायचं? उत्तरही ठरलेलं असतं. आधी मल्टनोमा फॉल्स, मग हूड रिव्हर, तिथे थोडा वेळ नदीकाठी, आणि येताना चेरी. डब्यात पोळीचे रोल आणि थर्मासात चहा. तुम्हीही ही सहल पाच-सहा वेळा केली असेल. मी तर एकोणीस वर्षांत किती वेळा केली याचा हिशेब ठेवलेला नाही, आणि मी हिशेब ठेवणाऱ्यांपैकी आहे.

आज त्याच रस्त्याने जाऊ या, फक्त नेहमीपेक्षा जरा पुढे.

पहिल्यांदा वडिलांना मल्टनोमाला नेलं तेव्हा त्या ६२० फुटांच्या धबधब्याकडे बघून ते म्हणाले, "अरे, हा तर माळशेज घाटच की!" मी हसलो होतो, पण ते बरोबर होते. दोन्हीकडचा काळा कातळ एकाच प्रकारचा, म्हणजे बेसॉल्ट. थर थर साचत गेलेला लाव्हा. आपला दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला त्यापेक्षा बराच तरुण, दीडेक कोटी वर्षांचा. फरक पडला तो हिमयुगाच्या शेवटी. मोंटानातल्या एका प्रचंड सरोवराचा बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा फुटला आणि ते सगळं पाणी या घळीतून समुद्राकडे धावलं. ओढ्यांची तोंडं त्याने कापून काढली, म्हणून इथे कड्यावरून थेट खाली पडणारे इतके धबधबे. जे हार्लन ब्रेट्झ नावाच्या भूवैज्ञानिकाने १९२३ मध्ये महापुराची कल्पना मांडली, तेव्हा मोठमोठ्या पंडितांनी त्याला वेड्यात काढलं. १९७९ मध्ये त्याला त्या क्षेत्रातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं, तेव्हा तो नव्वदीच्या पुढे होता. ऑफिसात ज्यांच्या प्रेझेंटेशनला पहिल्या मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

या घळीत लोकांनी 'फिरायला' येणं सुरू झालं ते मोटारीमुळे. सॅम्युअल लँकेस्टर हा इंजिनिअर आणि सॅम हिल हा धनिक १९०८ मध्ये पॅरिसला रस्त्यांच्या परिषदेला गेले, युरोपातले डोंगरी रस्ते बघून आले आणि १९१३ मध्ये कोलंबिया रिव्हर हायवेचं काम निघालं. नुसता माल वाहायला नव्हे, तर मुद्दाम देखावा दिसावा म्हणून आखलेला रस्ता. जिथे धबधबा असेल तिथे वळण, जिथे दरी उघडते तिथे थांबा. १९१६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, त्याच वर्षी ईगल क्रीकला वनखात्याने सहलीसाठी तळ उभारला, १९१८ मध्ये क्राउन पॉइंटवर व्हिस्टा हाउस बांधून झालं. पुढे नदीच्या काठाने नवा हायवे आला, जुन्याचे तुकडे पडले, बोगदे दगडमातीने भरून टाकले. त्यातले मोझियरचे जुळे बोगदे २००० साली पुन्हा उघडले, आता फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. आई-बाबांचे गुडघे ठीक असतील तर तिथे जरूर न्या. चढ बेताचा आहे.

आता हूड रिव्हर. इथे खरी गंमत वाऱ्याची. कॅस्केड पर्वतरांग ओलांडून जाणारी, जवळजवळ समुद्रसपाटीवरची ही एकच वाट. उन्हाळ्यात पूर्वेकडचा कोरडा मुलूख तापतो, तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि पश्चिमेची समुद्रावरची गार हवा तिच्या जागी ओढली जाते. तिला जायला रस्ता एकच, ही घळ. म्हणून दुपार झाली की वारा पूर्वेकडे सुटतो. नदी मात्र वाहते पश्चिमेकडे. वारा तुम्हाला वर ढकलतो, प्रवाह परत खाली आणतो. शिवाय वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडले की लाटा उभ्या राहतात. १९८० च्या दशकात विंडसर्फिंगवाल्यांना हे गणित उमगलं आणि सफरचंद, पेअर नि लाकडाच्या वखारींवर जगणारं हे छोटं गाव बघता बघता त्या खेळाची राजधानी झालं. नंतर पतंगवाले काइटबोर्डर आले.

मीही चार वर्षांपूर्वी चाळिशीचं खूळ म्हणून विंडसर्फिंगचा वर्ग लावला. पहिल्या दिवशी एकूण उभा राहिलो असेन तो मिनिटभर, बाकी वेळ पाण्यात. विश्रांतीच्या वेळी शिकवणाऱ्या मुलीला सहज म्हटलं, नदी इतकी रुंद आणि संथ आहे हे बरं. ती म्हणाली, "ही नदी नाही, तलाव आहे. बॉनव्हिल धरणाचा."

म्हणजे बघा, इतकी वर्षं मी धरणाच्या फुगवट्याला नदी म्हणत होतो!

बॉनव्हिलचं धरण १९३७-३८ मध्ये सुरू झालं. त्याच्या आधी कॅस्केड लॉक्सपाशी नदी खडकांवरून इतकी उसळत असे की बोटींसाठी १८९६ मध्ये बाजूने कालवा काढावा लागला होता. ते खळाळ धरणात बुडाले आणि त्यांच्याबरोबर मासेमारीच्या जुन्या जागाही. बदल्यात मूळ रहिवासी जमातींना सुमारे ४०० एकर जागा देण्याचं १९३९ मध्ये ठरलं. प्रत्यक्षात मिळाली सुमारे ४० एकर. हा आकडा वाचला तेव्हा मला दुसऱ्याच एका नदीची आठवण झाली. पण ते जरा थांबून सांगतो, आधी सिलायलोला जाऊ.

हूड रिव्हरहून आणखी तीसेक मैल पूर्वेला, सत्त्याण्णव नंबरच्या एक्झिटला सिलायलो पार्क आहे. झाडं, हिरवळ, बोट उतरवायचा उतार, स्वच्छतागृह. बहुतेक जण तिथे तेवढ्यासाठीच थांबतात. समोर पाण्याचा सपाट पत्रा. त्याखाली सिलायलो फॉल्स आहे.

उंचीने तो मल्टनोमाच्या पासंगालाही पुरला नसता. पण ती अख्खी कोलंबिया होती, काळ्या कातळाच्या फटींतून कोंडून खाली कोसळणारी. आवाज मैलोन् मैल ऐकू येई असं जुनी माणसं सांगत. सॅमन मासे समुद्रातून वर अंडी घालायला निघाले की इथे त्यांना उड्या मारून चढावं लागे. कड्यांवर लाकडी मचाणं टाकून, कमरेला दोर बांधून, लांब दांड्याच्या जाळीने माणसं मासे काढत. कुठलं मचाण कुठल्या घराण्याचं हे ठरलेलं असे. हंगाम कधी सुरू, दिवसाची मासेमारी कधी बंद, हे मुखियाने सांगायचं आणि सगळ्यांनी पाळायचं. या भागात माणसाची वस्ती किमान दहा हजार वर्षांची. दूरदूरच्या जमाती इथे येत, वाळवलेल्या माशांच्या बदल्यात कातडी, शिंपले, हत्याराचे दगड नेत. लग्नं जमत. लुईस आणि क्लार्क १८०५ च्या ऑक्टोबरात इथून गेले तेव्हा हा बाजार भरलेलाच होता.

१८५५ मध्ये याकामा, वॉर्म स्प्रिंग्ज, उमाटिला आणि नेझ पर्स यांच्याशी सरकारने करार केले. जमिनी घेतल्या, पण नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क जमातींकडे राहिला. काही गोऱ्या मालकांनी काठ विकत घेऊन कुंपण घातलं, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९०५ च्या विनन्स खटल्यात कोर्टाने सांगितलं की हा हक्क सरकारने दिलेला नाही, जमातींनी जमीन देताना स्वतःकडे राखून ठेवलेला आहे. कागदावर किती भक्कम!

मग द डॅल्स धरण आलं. वीज हवी होती, गव्हाच्या बार्जेसना सरळ वाट हवी होती. सिलायलोचा मुखिया टॉमी थॉम्पसन शेवटपर्यंत विरोधात राहिला. चार जमातींना मिळून सुमारे २ कोटी ६८ लाख डॉलर भरपाई ठरली. १० मार्च १९५७ ला दरवाजे बंद केले आणि काही तासांत धबधबा बुडाला. काठावर लोक बघायला जमले होते. आवाज हळूहळू कमी होत बंद झाला. थॉम्पसन दोन वर्षांनी, १९५९ मध्ये गेला.

एमबीएच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की प्रकल्पाच्या ताळेबंदात जो खर्च धरला जात नाही, तो कोणीतरी भरतच असतो. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले होते. तो 'कोणीतरी' कोण, हे पेपरात विचारलेलं नव्हतं. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. याच स्वस्त विजेमुळे गूगलने २००६ मध्ये द डॅल्सला आपलं डेटा सेंटर उभारलं. मी ज्या क्लाउडवर कंपन्यांची सॉफ्टवेअर हलवून पोट भरतो, तो असल्याच पाण्यावर चालतो. तेव्हा मी फार मोठ्या तोंडाने बोलावं असं नाही.

आता ती दुसरी नदी. माझी आजी कोयनेच्या खोऱ्यातली, जावळीकडची. तिचं माहेर शिवसागर जलाशयाखाली आहे. धरणग्रस्तांना कोणाला सांगली-सोलापूरकडे, कोणाला रायगड-ठाण्याकडे जमिनी दिल्या, तिच्या भावांची पांगापांग झाली. मी आठवीत असताना आम्ही महाबळेश्वरला गेलो, तिथून तापोळ्याला उतरलो. तिथे बोटिंग चालतं, तुम्ही केलं असेल. आम्ही मुलं धावत बोटीत बसलो. आजी धक्क्यावरच थांबली. वडिलांनी फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, "आपल्याच घरावरनं पैसं देऊन काय फिरायचं?" आम्ही तासभर फिरून आलो. ती पाण्याकडे पाठ करून बसली होती. मला तेव्हा तिचा राग आला होता, सगळ्यांचा मूड घालवला म्हणून.

सिलायलो पार्कच्या हिरवळीवर मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता विंडसर्फिंग सोडणार का?" नाही, सोडलं नाही. दर उन्हाळ्यात जातो, आता बऱ्यापैकी उभाही राहतो.

पुढचा इतिहास सगळाच काळा नाही. १९६९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट बेलोनी यांनी निकाल दिला की करारातल्या जमातींना माशांचा न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे. १९८६ मध्ये रेगन यांच्या सहीने घळीला राष्ट्रीय निसर्गदृश्य क्षेत्राचा दर्जा मिळाला, म्हणून आज या काठांवर बंगल्यांच्या रांगा नाहीत. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट हूड रिव्हरच्या समोरच्या काठावर, व्हाइट सॅमन नदीवर घडली. तिथे १९१३ चं १२५ फुटी काँडिट धरण होतं. माशांसाठी शिडी बांधण्यापेक्षा धरण काढणं स्वस्त पडेल असं मालक कंपनीच्या हिशेबात आलं. २६ ऑक्टोबर २०११ ला तळाशी सुरुंग लावला आणि शंभर वर्षांचा तलाव बघता बघता रिकामा झाला. गाळाने काळं झालेलं ते पाणी उसळून बाहेर पडताना यूट्यूबवर बघा, मुलांनाही दाखवा. आता तिथे सॅमन धरणाच्या जागेच्या वर जातात आणि राफ्टिंगवाले तिथून थेट खाली येतात. एकाच पाण्यात दोघेही.

सिलायलोबद्दल एक सांगायचं राहिलं. धबधबा सुरुंग लावून उडवला असं बरेच जण मानत. २००८ मध्ये लष्कराच्या इंजिनिअर विभागाने सोनारने नदीचा तळ तपासला. खडक, फटी, कडे, सगळं जागच्या जागी आहे. सिलायलो गावही हायवेच्या पलीकडे अजून आहे आणि दर वसंतात पहिल्या सॅमनचा सण तिथे होतो.

तर या उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन निघालात की दोन गोष्टी करा. पाण्यात तरंगणारे बोये आणि जाळी दिसली तर पॅडलबोर्ड घेऊन जवळ जाऊ नका, ती करारातल्या हक्काने लावलेली आहेत. आणि परतताना कॅस्केड लॉक्सला, चव्वेचाळीस नंबरच्या एक्झिटला उतरा. तिथे ब्रिज ऑफ द गॉड्स या पुलाखाली हंगामात जमातीचे लोक बर्फाच्या पेट्यांतून ताजा सॅमन विकतात. रोख पैसे बरोबर ठेवा आणि स्वतःची कूलर न्या. मागच्या सप्टेंबरात मी तिथून अख्खा मासा घेतला. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "कसा करणार?" मी म्हटलं, हळद, तिखट, आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर. त्यांनी आगळ म्हणजे काय ते नीट समजून घेतलं. मग म्हणाल्या, "डोकं टाकून देऊ नकोस, त्याचं सूप कर."

आम्ही कालवण केलं.