बिनहुकमाची शिस्त

ऑल्डस हक्सली यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) या कादंबरीतल्या संगोपनगृहात रांगत्या बाळांपुढे फुलं आणि पुस्तकं मांडतात. बाळं त्यांच्याकडे सरकली की भोंगे वाजतात, विजेचा धक्का बसतो. पुढे जन्मभर त्या माणसांना पुस्तक नको वाटतं आणि ही नावड आपली स्वतःचीच आहे, अशी त्यांची खात्री असते. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये पाळत आहे, छळ आहे. हक्सलीच्या राज्यात शिपायांची गरज क्वचितच पडते. समाज माणसाला आतून कसा घडवतो, हे अभ्यासू पाहणाऱ्या नव्या वाचकाचं स्वागत करताना मी ऑर्वेलच्या आधी हक्सलीची कादंबरी त्याच्या हाती देईन.

आपल्याकडे हा विचार त्या कादंबरीहून जुना आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात डॉ. आंबेडकरांनी, जात कुणा मनूने वरून लादली, हे मत खोडून काढलं. एका वर्गाने आपली दारं लावून घेतली, इतरांनी त्याचं अनुकरण केलं, आणि ज्यांना ते नको होतं त्यांच्यापुढेही बंद दारंच उरली. हुकमावाचून शिस्त कशी पसरते, याची इतकी स्वच्छ मांडणी ते पंचवीस वर्षांचे असताना करत होते!

अशीच शिस्त पाहायला आता गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीकडे या. इथल्या माडिया गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाई घरात शिरत नाही, चुलीला शिवत नाही. ती कुर्माघरात राहते. कुर्माघर म्हणजे बहुधा एक लहानशी झोपडी असते, पावसाळ्यात गळणारी, सापाविंचवाचं भय असलेली. दाराशी पहारा नसतो. नियम मोडला तर घरावर, गावावर संकट येईल, हे मुलीने आईच्या, आजीच्या वागण्यातून कधीच उचललेलं असतं. अलीकडे जिल्ह्यातल्या काही गावांत कुर्माघराच्या जागी पक्की विसावा केंद्रं उभी राहिली. सापाची भीती गेली, ही मोठीच गोष्ट, आणि तिचं मोल कमी लेखू नये. पण वेगळं राहणं सोयीचं झालं की नियम सैल होतो, की अधिक घट्ट? शिवाय त्या चार दिवसांत बाईला कामातून सुटका मिळते, बायकाबायकांचं मोकळं बोलणं होतं. तेही मोजायला हवं. मला स्वतःला या अभ्यासक्षेत्रात याहून अवघड प्रश्न माहीत नाही.

जंगलातलं गाव म्हणजे मुक्त जीवन, अशी कल्पना घेऊन येणारे अभ्यासक पुष्कळ. हक्सलीच्या कादंबरीतही कुंपणापलीकडे ‘रानटी’ लोकांची वस्ती आहे. पण तिथेही, त्याच वस्तीत वाढलेल्या जॉनला, त्याची आई परकी म्हणून, दीक्षाविधीतून हाकलून देतात. उलट बाजूने, घंटेवर चालणारी आश्रमशाळा घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला मराठीत घडवते, तेव्हा तिला आपण सरळ ‘शिक्षण’ म्हणतो. कुर्माघराला जे प्रश्न विचारायचे, तेच शाळेलाही विचारा: नियम कुणी केला, आणि ज्याच्यावर तो चालतो त्याला मोठेपणी तो बदलता येतो का?

वाचनाची सुरुवात आंबेडकरांच्या निबंधापासून करावी. गावात जायचं असेल तर मात्र आधी माडिया शिका, आणि पुरुष दुभाष्यावर विसंबू नका. कुर्माघरातलं बोलणं त्याच्या कानावर पडत नाही.